इमानसाहेबांची सही

इमानसाहेब दोन महिने खपून एक विमान रंगवायचे आणि तिसऱ्या महिन्यात ते घाण करायला बसायचे. वीतभर लांबीचं, रुपेरी, चकचकीत झालेलं विमान समोर घ्यायचं, काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करायचा आणि पत्र्याच्या सांध्यासांध्यांतून सोडायचा. मग कान साफ करायच्या काडीने तो पुसायचा. सगळा नाही. किती ठेवायचा आणि किती काढायचा, हे त्यांचं ठरलेलं असायचं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सायेब, डोकं फिरलं काय तुमचं? येवढं चांगलं रंगवलं नि आता शेण फासताय?"

ते वर न बघता म्हणाले, "उडालेलं विमान असं दिसतं, पेंटर. न उडालेलं दुकानात बघा."

परवा कुंभवलीच्या नाक्यावर कुणीतरी म्हणालं की तो म्हातारा खेळणी करायचा. मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण घरी आलो आणि सुनेकडून वही मागून घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा पुरी नाही. शुद्धलेखन कुणी तपासायचं असेल तर त्याने दुसरं काही वाचावं.

मी समुद्रकाठच्या नवापूरचा. पन्नास वर्षं होड्या रंगवल्या. पावसात होड्या वर ओढल्या की नारळी पुनवेच्या आत त्या नव्या नवरीसारख्या करून द्यायच्या, नाकावर नाव काढायचं, बाजूला नंबर काढायचा. नवापूरपासून शिरगावपर्यंत कुणालाही विचारा, माझ्या हातचं अक्षर लांबून ओळखतात. ओळखायचे म्हणू. आता रेडियमची अक्षरं मशीनवर कापून आणतात आणि चिकटवतात. दोन वर्षांत कोपरे सुटतात, 'जय' जातो आणि नुसती 'लक्ष्मी' राहते. तरी लोकांना तेच पाहिजे. असो. सांगायचं ते हे, की आमच्यात होडीवर डाग म्हणजे होडी हाकणारा तांडेल आळशी. आणि हा माणूस मुद्दाम डाग लावत होता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळे त्यांना इमानसाहेब म्हणायचे. आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात, त्यावरून कारखान्यातल्या पोरांनी चेष्टेने पाडलेलं नाव. साहेब मुळात नव्हतेच, फिटर होते. कऱ्हाडकडचे. उमेदीची वर्षं सैन्याच्या विमानतळावर गेली, नंतर तारापूरच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला लागले आणि कुंभवलीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन राहिले. लग्न केलं नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, "सायेब, लोक तुमाला इमानवाला म्हणतात, राग नाय येत?" तर म्हणाले, "विमानवाला म्हणा, पेंटर. इमान वेगळं. ते खोक्यात येत नाही."

आमची ओळख भांडणातून झाली. त्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर मी 'धोका' लिहीत होतो, पुरुषभर उंचीची लाल अक्षरं. शिडीखाली येऊन एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "पेंटर, तुमचा 'ध' वरून बंद झालाय. लांबून 'घोका' दिसतं. कामगार पाठांतर करत बसतील."

माझ्या अक्षराला नाव ठेवणारा तोवर कुणी जन्मला नव्हता. मी वरूनच म्हटलं, "तुमी पाने फिरवा. अक्षराचं आमी बघतो." ते हसले नाहीत की चिडले नाहीत, निघून गेले. संध्याकाळी घरी जाताना मी गेटपाशी थांबलो आणि मागे वळून बघितलं. 'घोका'च दिसत होतं. दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आत जाऊन मी तो 'ध' दुरुस्त केला आणि कुणाला काही बोललो नाही. त्यांनी ते बघितलं असणार, कारण दहा वाजता शिडीखाली चहा आला. चहाबरोबर निरोप नव्हता. मला तो माणूस तिथेच आवडला, आणि ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

पुढे ते रिटायर झाले, माझं होड्यांचं काम आटलं, आणि मी दर रविवारी नवापूरहून रिक्षाने कुंभवलीला जायला लागलो. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह आणि खिडकीपाशी टेबल. बाकी सगळी विमानं. ती खोक्यातून प्लॅस्टिकच्या तुकड्यांत यायची. तुकडे जोडायचे, सांधे घासायचे, रंग द्यायचा. खरं बहात्तर हात असेल तर हे एक हात, असा त्यांचा हिशेब. पंख्याच्या पातीला हात लावायचा तर आधी हात धुऊन यायला लावायचे. पायलटच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत एक तार असते, तिला दोरा जाड दिसायचा. मी आमच्या जाळ्यातला नायलॉनचा एक धागा काढून नेला. त्यांनी तो उजेडात धरला, ताणला, आणि म्हणाले, "पेंटर, आज तुम्ही कामाला आलात." आधीचे तीन रविवार काय मी झोपायला गेलो होतो? पण ते असंच बोलायचे.

डाग हा त्यांचा अभ्यास होता. रंगीत खडू घासून त्याची पूड करायचे आणि धुराड्यामागे जुन्या ब्रशने फुंकल्यासारखी लावायचे. पंखावर जिथे माणूस पाय ठेवून चढतो तिथलाच रंग उडवायचे, स्पंजच्या कपच्याने, रुपेरी ठिपके. मी एकदा न विचारता एका पंखाखाली तांबडा गंज ओघळवला. होडीच्या खिळ्यांचा गंज मी जन्मभर बघितलेला. छान उतरला होता. त्यांनी भिंग लावून बघितलं.

"हा कुठून आला?"

"खिळ्यातून."

"कुठला खिळा? हा अॅल्युमिनियमचा पत्रा आहे. त्याला तांबडा गंज येत नाही. डाग कुठून आला ते सांगता आलं पाहिजे, पेंटर. नाही सांगता आलं तर तो डाग खोटा."

माझ्यासमोर थिनरने पुसला. मी पुढचा रविवार गेलो नाही. त्याच्या पुढचा गेलो, तर दार उघडून म्हणाले, "या, मागच्या रविवारचाही चहा शिल्लक आहे."

डिकॅलवरून आमचं असंच वाजलं. विमानावरची चिन्हं, आकडे, इंग्रजी अक्षरं एका कागदावर छापून येतात. मी म्हटलं, "म्हणजे स्टिकर! ह्याच स्टिकरने माझं पोट मारलं. मी हात नाय लावणार." त्यांनी एक चिन्ह कापलं, चिमट्याने कोमट पाण्यात धरलं, थोडा वेळ थांबले, मग पंखावर ठेवून ब्रशने हळूच सरकवलं. खालचा कागद निघून आला आणि पंखावर नुसता रंग राहिला. कोपरा नाही, जाडी नाही. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. मी बोटाने चाचपायला गेलो तर माझा हात धरला. "ओलं आहे." त्या दिवसापासून मी त्याला पाण्याचा छाप म्हणायला लागलो, स्टिकर म्हटलं नाही. दोन महिन्यांत माझा हात त्यांच्याहून चांगला बसला. हे मी म्हणत नाही, ते म्हणाले.

एकदा मी सुचवलं, आमच्या होडीसारखं विमानाच्या नाकावर देवाचं नाव टाकू, मराठीत. ते म्हणाले, "विमानावर मराठी नसतं, पेंटर. सगळं इंग्रजी." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, तेच नडलं.

इंग्रजी मला येत नाही. आकडे येतात, होड्यांवर जन्मभर काढले. अक्षरं दिसतात तशी काढतो. पण रंगाच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, मी झाकणाच्या रंगावरून बाटली उचलायचो आणि वाचल्यासारखं तोंड करायचो. मला वाटायचं त्यांना कळत नाही.

आता सहीचं सांगतो. हा माणूस बघितल्याशिवाय सही करायचा नाही. कशावरच नाही. कुरिअरवाला खोका घेऊन यायचा आणि जिन्यात ताटकळायचा. "अंकल, साइन करो ना, अभी दस जगह जाना है." हे त्याला म्हणायचे, "पहिले खोलेगा, देखेगा, फिर सही करेगा." खोका उघडायचे, सगळे तुकडे मोजायचे, कागदाशी ताडून बघायचे. तो बिचारा पायरीवर बसून मोबाईल बघायचा. आणि विमान पुरं झालं की भिंगाखाली नाकापासून शेपटीपर्यंत तपासून पोटाखाली बारीक सही करायचे, पेन्सिलने. मी एकदा हसलो. "तुमी काय कलेक्टर हाय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

विमानतळावर रोज सकाळी फिटर विमान तपासतो आणि रजिस्टरात सही करतो. त्या सहीवर पायलट उडतो. त्यांच्याकडे एक शिकाऊंचं विमान होतं, नाकावर पंखा, पुढेमागे दोन सीटा. एका सकाळी त्यांनी तपासलं, सही केली, आणि बावीस वर्षांचा एक पोरगेला पायलट ते घेऊन एकटा उडाला. समुद्रावर गेलं ते परत आलं नाही. ना विमान मिळालं ना तो. चौकशी झाली, कागद बंद झाले, दोष कुणावर आला नाही. "आला असता तर भोगून मोकळा झालो असतो," ते म्हणाले. "मी बघितलं होतं, पेंटर. सगळं बघितलं होतं. पण ते आता मी आणि देव सोडून कुणाला माहीत?"

त्या पायलटची मोठी बहीण नाशिकला. आईवडलांमागे तिनेच त्याला वाढवला. ती यांना दर वर्षी त्या दिवसाच्या सुमारास एक पत्र लिहायची. पत्रात विशेष काही नसायचं, तब्येत, पाऊस. शेवटी एक ओळ: तुम्ही त्या दिवशी नीट बघितलं होतंत ना? आणि हे दर वर्षी उत्तर लिहायचे: हो ताई, बघितलं होतं. पन्नासेक वर्षं हे चाललं होतं. ती वाईट बाई नव्हती. तिला विश्वास ठेवायचा होता, ठेवता येत नव्हता.

गेल्या साली तिने लिहिलं की आता वय झालं, एकदा भेटावं म्हणते. यांनी ठरवलं की तेच विमान करून तिच्या हातात द्यायचं. इतकी विमानं केली, ते कधी केलं नव्हतं. खोका दोन वर्षं पलंगाखाली होता, उघडला नव्हता.

पण तोवर त्यांचे हात कापायला लागले होते, आणि मोतीबिंदू. जोडणी त्यांनी कशीबशी केली. रंग आम्ही दोघांनी दिला. डाग त्यांनी सांगितले आणि मी लावले. धुराड्यामागे किती काळं, तेलाचा ओघळ कुठून निघून कुठे जिरतो, चाकाच्या बाजूला चिखल किती उडतो, ते डोळे मिटून सांगायचे. "धुराड्याखालच्या पट्टीवर हात सटकून माझा पाना लागला होता. तिथे एक पोचा आहे. अर्धा तीळ." मी अर्धा तीळ काढला. ते विमान त्यांना पाठ होतं. फक्त त्याचा नंबर त्यांनी कधी तोंडाने उच्चारला नाही. 'ते' म्हणायचे, 'तो नंबर' म्हणायचे. आमच्यात बुडालेल्या होडीचं नाव घेत नाहीत, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

ताई येणार त्याच्या चार दिवस आधी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याला आधीच कमी दिसायचं. हिरवी पट्टी बांधून पलंगावर बसलेले. शेपटीवरचा नंबर राहिला होता. सुट्या आकड्यांचा कागद त्यांनी मागवून ठेवला होता, तांदळाच्या दाण्याएवढे आकडे. त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. तीवर तीन आकडे, दुसरं काही नाही. "हे तेवढं लावा, पेंटर. मला जमणार नाही."

मी चिठ्ठी बघितली. नऊ, शून्य, नऊ.

आकडा नीट होता, हात कापत असून ठसठशीत काढलेला. मनात एकदा आलं की विचारून घ्यावं. पण काय विचारणार? पन्नास वर्षं नंबर काढणाऱ्या माणसाने विचारायचं, हा आकडा कुठला? विमानावर सगळं इंग्रजी, हे मला माहीत होतं. मी दोन नऊ कापले, एक शून्य कापलं, पाण्यात धरलं, सरकवलं. तीनही एका ओळीत, केसाचा फरक नाही. वर मॅट वार्निशचा हात दिला. सांगतो, त्यांच्या सगळ्या विमानांत तेवढा सुंदर छाप दुसऱ्या कशावर नव्हता.

वाळल्यावर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी पंख चाचपले, शेपटी चाचपली. मग उताणं केलं आणि पेन्सिल मागितली.

"सायेब, भिंग देऊ?"

"तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग झालं," म्हणाले आणि सही केली.

माझ्या अक्षराला आयुष्यात खूप लोकांनी चांगलं म्हटलं. त्या सहीएवढं कुणी म्हटलं नाही. मी रिक्षात बसून नवापूरला आलो तेव्हा एकटाच हसत होतो.

ताई दुपारी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ. भाच्याने गाडीतून आणलं होतं. यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, डोळ्यावर पट्टी तशीच. मी कोपऱ्यात स्टोव्हवर चहा करत होतो. यांनी विमान दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं. मग त्या म्हणाल्या, "इथून चढायचा का तो?" आणि बरोबर तिथे बोट ठेवलं जिथे आम्ही रंग उडवला होता.

"हो ताई, तिथूनच."

त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, झालं. पन्नास वर्षांचं ओझं उतरलं. मी कपात चहा ओतत होतो आणि मनात म्हणत होतो, माझा हात आहे त्यात.

यांना राहवलं नाही. म्हणाले, "खाली बघा ताई, सही आहे माझी. तुम्हाला दर साली लिहीत आलो. मी बघितल्याशिवाय सही करत नाही."

त्यांनी ते उलटं केलं, सही बघितली. पर्समधून चष्मा काढून लावला. मग सुलटं केलं आणि शेपटीवर बघत राहिल्या.

"नऊशे नऊ?" त्या म्हणाल्या. "भाऊ, आपलं एकशे एक होतं."

यांना कळलं नाही. "एकशे एकच आहे."

"नऊशे नऊ लिहिलंय."

भाच्याने वाकून बघितलं. "हो, नऊशे नऊ आहे."

ताईंनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, त्यांना चढवता येत नव्हता. "तेव्हाही सही अशीच केली होतीत का?"

हे म्हणाले, "नाही, ताई."

एवढंच. त्यांना म्हणता आलं असतं की माझ्या डोळ्याला पट्टी आहे, आकडा त्या पेंटरने लावला, तो बघा तिथे चहा करतोय. म्हणाले नाहीत. आणि मला म्हणता आलं असतं. मी तीन पावलांवर होतो. हातात कपबशी होती, तोंडात जीभ होती. पण नाशिकच्या बाईसमोर, तिच्या कोट घातलेल्या भाच्यासमोर म्हणायचं, की मला आकडा कळला नाही? मी चहात साखर ढवळत राहिलो.

त्यांनी चहा घेतला नाही. विमान टेबलावर ठेवून गेल्या. जिना उतरायला त्यांना वेळ लागला, सगळ्या पायऱ्या आम्हाला ऐकू आल्या.

मग यांनी हात पुढे केला. "चिठ्ठी."

मी खिशातून काढून दिली, जवळजवळ तोंडावर मारली. "हे घ्या. तुमीच लिहिलंय. नऊ, शून्य, नऊ. आता मला बोलू नका."

त्यांनी ती डाव्या डोळ्याजवळ नेली. "मराठीत आहे, पेंटर. एक, शून्य, एक."

मी हिसकून बघितली. मराठी एक. आमच्या मास्तरांनी पाटीवर गिरवून घेतलेला, तोच एक. त्याच्याकडे बघून मी इंग्रजी नऊ वाचला होता.

"इमानावर मराठी कुठून आली? तुमीच बोललात सगळं इंग्रजी म्हणून!"

"विमानावर नाही. चिठ्ठीवर. तुमच्यासाठी लिहिलं मराठीत. मला वाटलं तुम्हाला सोपं जाईल."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. बाटल्यांची झाकणं, वाचल्यासारखं तोंड, सगळं. आणि इतकी वर्षं त्यांनी मला कळू दिलं नव्हतं. माणसाने हे ऐकून त्यांचे पाय धरले असते. मी पेटलो.

"मी अडाणी वाटलो काय तुमाला? पन्नास वर्षं इंग्रजीत नंबर काढतो मी!"

"मग विचारायचं होतं."

"तुमी बघायचं होतं! सही तुमची हाय!"

हे बोललो ते खरंच बोललो. पण ताई बोलली तेव्हा आकडा कुणी लावला ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ते म्हणाले, "हो. सही माझी आहे." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी स्टोव्ह बंद केला आणि निघालो.

त्यानंतर त्यांचा तीनदा फोन आला. सून फोन घेऊन अंगणात यायची. "बाबा, कुंभवलीचे सायेब हायेत." मी म्हणायचो, "सांग, नाय घरात." ती फोनवर हात न ठेवताच मला म्हणायची, "बाबा, त्यांना आयकायला जातंय." जाऊ दे म्हटलं. माझी अकड अशी, की रविवारी सकाळी अंघोळ करून सदरा घालून बसायचो आणि जायचो नाही. चौथा फोन आला नाही.

मग एक दिवस त्यांची पुतणी कऱ्हाडहून आली, घर विचारत विचारत. हातात बुटाचा खोका. त्यांना तिने दोन महिन्यांपूर्वी कऱ्हाडला नेलं होतं आणि तिथेच ते गेले. खोली रिकामी करायला आली होती. "बाकीची विमानं ह्याला त्याला देऊन टाकली," म्हणाली, "हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं."

"काय बोलले?"

"काही नाही. म्हणाले, पेंटरांना म्हणावं बघून घ्या."

बघून घ्या. कुरिअरवाल्याला शिकवलं तसं म्हणाले, की मला तंबी दिली, ते मला अजून कळलेलं नाही. ती गेल्यावर मी अंगणात उजेडात बसून बघून घेतलं. शेपटीवर नंबर तोच, माझ्या हातचा. आकड्यांचा कागदही खोक्यात घातला होता. त्यातले एकाचे दोन आकडे तसेच शिल्लक. मग विमान उताणं केलं. पोटाखाली सही नव्हती. थिनरने पुसली होती. मॅट वार्निशही तिथलं निघालं होतं, नखाएवढी जागा चकाकत होती. कापऱ्या हातांनी पुसली असणार, तरी कडा स्वच्छ होती.

पन्नास वर्षांत त्या माणसाने एक सही मागे घेतली, ती माझ्यामुळे.

मी नाशिकला पत्र टाकलं. पत्ता पुतणीने दिला. लिहिलं की ताई, तो आकडा मी लावला. चहा करत होतो तो माणूस मीच. साहेबांच्या डोळ्याला पट्टी होती आणि त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. मी तेव्हा बोललो नाही. त्या जुन्या सकाळचं मला काही माहीत नाही. मी ह्या दुपारचं सांगतो. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल. उत्तर द्यायचं तिच्यावर बंधन नाही. साहेबांच्या उत्तरावर तिचा पन्नास वर्षं विश्वास बसला नाही, माझ्यावर काय बसणार?

त्या चकाकत्या जागेवर मी माझी सही केली. सगळ्यात बारीक ब्रशने, मराठीत: पेंटर, नवापूर. होडीवर करतो तशी.

सून म्हणते, "बाबा, ते आकडे काडून नीट लावा ना. एकाचे दोन आकडे हायेत ना त्या कागदावर." मी लावणार नाही. तिला कारण सांगितलं तर तिला पटत नाही, तेव्हा सांगणं सोडलं. डाग कुठून आला ते मला सांगता येतं, ते पुरे.

विमान टीव्हीच्या वर ठेवलंय. येणारेजाणारे विचारतात, नऊशे नऊ म्हणजे काय? मी सांगत नाही. दुपारी घरात कुणी नसलं की समोर खाट टाकून बसतो. चष्मा काढला की मला आकडे धूसर दिसतात, मग ते एक, शून्य, एकच वाटतात, आणि विमान बरोबर असतं. थोडा वेळ तसाच बघत बसतो. मग चष्मा लावतो.